भाकरी, कडबा आणि इंधन

शेतात उगवलेल्या मालापासून इंधन करावे, आणि ते करताना कोणाच्या ताटातली भाकरी कमी होऊ नये, हा आजचा विषय. वर्तमानपत्र वाचणाऱ्यास तो अगदी ताजा वाटेल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा आपल्या देशाने २०२५ साली गाठला. पंपावर उभा राहणारा प्रत्येक मोटारसायकलवाला आज नकळत थोडा ऊस, थोडा मका आणि थोडा तांदूळ टाकीत भरून घेत असतो. परंतु विषय ताजा असला तरी त्यातला प्रश्न फार जुना आहे, आणि तो प्रश्न समजून घ्यायला सोलापूर जिल्ह्याइतके चांगले ठिकाण शोधूनही सापडणार नाही. ज्वारीची मालदांडी जात आमचीच, उजनीचे धरण आमचेच, तीसहून अधिक साखर कारखानेही आमच्याच जिल्ह्यात, आणि दुष्काळ तर आमच्या पाचवीलाच पुजलेला.

आम्ही काही इतिहासाचे पदवीधर नव्हे. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडत गेले त्या काळात आम्ही कामगार चळवळीत आलो. पुढची तीसएक वर्षे साखर कामगारांत आणि ऊसतोडणीच्या टोळ्यांत काढली. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात वाचले. त्यामुळे इतिहासाकडे पाहण्याची आमची एक सवय झाली आहे. कोणतीही नवी दौलत निर्माण झाली की तिच्यावर पहिला हक्क कोणाचा लागला आणि शेवटचा कोणाचा, हे आम्ही आधी विचारतो. आजच्या विषयालाही आम्ही हीच फूटपट्टी लावणार आहोत.

खळ्यावरची वाटणी

आपल्याकडची रब्बी ज्वारी हे मोठे शहाणे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरावी, काळ्या रानाने पावसाळ्यात पोटात साठवलेल्या ओलीवर ती वाढते, आणि माघ-फाल्गुनात कणसे भरून उभी राहते. कालव्याचे पाणी तिने मागितले नाही. मोहोळच्या सरकारी शेतीक्षेत्रावर १९३० नंतरच्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही रानात आहे, आणि मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधन सोलापुरात १९३३ साली सुरू झाले, तेही याच रानाच्या ओलीचा हिशेब मांडण्यासाठी.

आता ही ज्वारी खळ्यावर आली की काय होत असे ते पाहा. दाणे घरात जात, आणि त्यातूनच बलुतेदारांचा वाटा निघे. कडब्याची गंज लागे, ती बैलांची आणि दुभत्या जनावरांची बेगमी. कणसांचे भुसकट गुरांच्या दावणीत किंवा मातीत मिसळून भिंतीला जाई. रानात उरत ती धसकटे. बायका ती वेचून, माती झटकून, चुलीला लावीत. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हे त्यांचे सोबती. म्हणजे वनस्पतीपासून इंधन ही वस्तू आपल्या घरात पिढ्यानुपिढ्या होती. फक्त तिचा नंबर शेवटचा होता. आधी माणूस, मग जनावर, मग घर, आणि अखेरीस चूल. कडबा चांगला पेटतो म्हणून कोणी तो चुलीत घातला नाही. घातला असता तर पुढच्या वर्षी नांगराला बैल राहिला नसता.

गुऱ्हाळाची रीतही तशीच. उसाचा रस काहिलीत, आणि रस काढून उरलेले चिपाड वाळवून चुलवणात. गूळ करायला लागणारी सगळी आच उसानेच दिली, बाहेरून लाकूडफाटा फारसा आणावा लागला नाही. पुढे साखर कारखाने निघाले तेव्हा त्यांनीही हीच रीत उचलली. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस हाती येतो, आणि त्याच्यावरच बॉयलर चालतो. भाकरीला धक्का न लावता इंधन कसे करावे, याचा पहिला धडा आपल्या गुऱ्हाळवाल्याने दिला आहे, हे विद्वानांनी ध्यानात ठेवावे.

ही सगळी व्यवस्था सोन्याची होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. खळ्यावर ज्याच्या हाती माप होते तो सवर्ण वतनदार होता, आणि ज्याने मेलेले ढोर ओढले त्याच्या पदरात शेवटची पसाभर ज्वारी पडे. वाटणीतला अन्याय उघड होता. परंतु क्रम बरोबर होता. पुढच्या काळात अन्याय तसाच राहिला आणि क्रम मात्र उलटा झाला.

धान्याला पाय फुटतात

१८६० साली आगगाडी सोलापुरास आली. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बार्शीची पेठ त्या काळात कापसावर फुगली. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि शेतकऱ्याच्या हाती सावकाराचे कागद उरले. शेतातला माल दूरच्या यंत्रासाठी पिकवू लागलो की त्या यंत्राचा मालक आपल्या रानाचा भाव ठरवतो, हा दुसरा धडा.

तिसरा धडा फार कडू. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. बाजारात धान्य मुळीच नव्हते असे नाही. गाड्यांतून ते येत होते आणि जातही होते. पण ज्याच्याजवळ रोजगार नाही त्याच्याजवळ पैसा नाही, आणि पैसा नाही त्याला धान्य दिसत असूनही मिळत नाही. सरकारने दुष्काळी कामे काढली. माढा-मोहोळच्या भागातला आष्टीचा तलाव याच कामांतला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी मजुरी खाली आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरील हजारो स्त्रीपुरुषांनी या मजुरीवर कामच सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. कामगार चळवळीचा इतिहास लिहिणारे गिरणीच्या संपापासून आरंभ करतात. आम्ही तो या उपाशी माणसांच्या संपापासून करतो. सोलापूरची जुनी मिल सुरू झाली ती याच १८७७ साली, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

या दुष्काळाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. देशात धान्य किती पिकले एवढाच प्रश्न नसतो. ते कोणाच्या आवाक्यात राहिले हाही प्रश्न असतो. धान्यापासून इंधन करण्याचा विचार करताना हीच गोष्ट पुन्हा समोर येते. मोटारवाल्याची ऐपत आणि भाकरीवाल्याची ऐपत एकाच बाजारात उभी केली की बोली कोण जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

मळीचा प्रश्न

विसाव्या शतकात नीरेच्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या रानात आले. १९३२ साली सरकारने विलायती आणि जाव्याच्या साखरेवर जकातीचे संरक्षण दिले, आणि पाचसहा वर्षांत देशातले कारखाने तीसएकावरून सव्वाशेच्या वर गेले. सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरला आपला कारखाना याच दशकात उभा केला, आणि श्रीपूरचा कारखानाही याच काळातला.

साखर झाली तशी तिच्या पोटातून मळी बाहेर पडली. काळी, चिकट, आंबूस वासाची. तिचे काय करावे हे देशभर कोणाला कळेना. कित्येक ठिकाणी ती खड्ड्यांत ओतली गेली. तेव्हा शास्त्रज्ञांनी सांगितले की मळी आंबवून मद्यार्क काढा आणि तो पेट्रोलमध्ये मिसळून मोटारी चालवा. कल्पना हवेतली नव्हती. त्याच्याही आधी, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेलचे एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. आपल्याकडे म्हैसूर संस्थान आणि संयुक्त प्रांत यांनी मळीच्या मद्यार्काचा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशन झाले तेव्हा लाकडी कोळशाच्या गॅसवर मोटारी धावू लागल्या. पाठीमागे धुराची टाकी बांधलेल्या त्या गाड्या जुन्या पिढीने पाहिल्या होत्या. पण कोळसा म्हणजे शेवटी जंगलच, आणि युद्ध संपताच त्या गाड्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, मद्यार्क पेट्रोलात मिसळण्याचा कायदा देशाने केला होता. परदेशी तेल स्वस्त मिळू लागले आणि कायदा कागदावर राहिला. २००० साली तो रद्दही झाला. आणि गंमत पाहा, कायदा रद्द झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांतले दोन आपल्याच राज्यात, मिरज आणि मनमाड येथे. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा नियम आला.

येथपर्यंत भाकरीला धोका नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मळी ही साखरेनंतरची वस्तू. एका टनाला शंभर किलोच्या आसपास साखर हाती आल्यावर जी चाळीसेक किलो मळी उरते, तिच्यातून दहाएक लिटर मद्यार्क निघतो. खळ्याच्या भाषेत सांगायचे तर ही धसकटे होती.

उजनीचे पाणी

परंतु मळी ज्या उसातून आली त्या उसाची कथा याच वेळी बदलत होती. १९७२ चा दुष्काळ आमच्या आईवडिलांनी भोगला. खडीच्या कामावरची सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो हे शब्द आम्ही लहानपणी रोज ऐकले. मिलो म्हणजे अमेरिकेची ज्वारीच. ज्वारीच्या माहेरात परदेशाची ज्वारी रांग लावून घ्यावी लागली, यापेक्षा मोठी नामुष्की कोणती?

त्या दुष्काळाच्या वेळी भीमेवर उजनीचे धरण बांधून होत होते. १९६६ मध्ये काम निघाले, १९८० मध्ये पुरे झाले. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. हे पाणी जास्तीत जास्त रानांना हंगामी पिकांसाठी मिळावे, असा विचार त्या काळात होता. बारमाही उसाऐवजी आठमाही पाणी द्यावे, हे धोरण राज्याने १९८० नंतरच्या दशकात स्वीकारलेही. धोरण दप्तरात राहिले आणि पाणी उसात गेले. शेतकऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ज्वारीला भाव नाही, डाळीला खात्रीचा खरेदीदार नाही, आणि उसाला कारखाना, कर्ज, ठरलेला दर सारे काही आहे. अशा वेळी शहाणा माणूस ऊसच लावणार. परिणाम इतकाच की राज्याच्या पिकाखालच्या जमिनीपैकी चारएक टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो. आणि हा जिल्हा कोणता? वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा. २०२३ साली पाऊस कमी झाला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यातही खोल उतरली. सोलापूर शहराने चारचार, पाचपाच दिवसांआड पाणी भरण्याची सवय वर्षानुवर्षे केली आहे, ती काही हौसेने नव्हे.

रस की मळी

२०१८ साली नवे जैवइंधन धोरण आले. त्याने एक दार उघडले. मळीच नव्हे, तर साखर न करता थेट उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला मुभा मिळाली. तांदूळ आणि मका यांनाही वाट मोकळी झाली. २०३० चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढले गेले, आणि डिस्टिलऱ्यांना व्याजात सवलत मिळाली. २०२२-२३ च्या वर्षी रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे, आणि शेवटच्या मळीच्या इथेनॉलला ४९ रुपये ४१ पैसे असा भाव होता. ज्या मालाने साखर खाल्ली त्याला चढा भाव, आणि जो साखरेनंतर उरला त्याला उतरता. क्रम उलटा झाला तो येथे.

याची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळतात, आणि साखर गोदामात पडून राहिली की शेतकऱ्याचे बिल जसे थकते तसे थकत नाही. साखर जास्त झालेल्या वर्षी रस तिकडे वळवणे शहाणपणाचेच आहे. देश आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो, तेव्हा घरचे इंधन ही उपेक्षेची गोष्ट नाही. ब्राझीलने १९७५ पासून हा मार्ग नेटाने चालवला. पण ब्राझीलचा ऊस बव्हंशी पावसावर वाढतो, आमचा धरणावर. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच हिशेब आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. दोनशे लिटरची चौदा पिंपे! दुष्काळात टँकरमागे धावणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगा, ती तुम्हाला विचारील, की बाबा, हे पाणी कोणाच्या वाट्याचे?

मग २०२३ चा पाऊस कमी पडला. साखर कमी पडेल या भीतीने ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने रसापासून इथेनॉल करण्यास एकदम मनाई केली. आठवड्याने ती सैल करून, १७ लाख टन साखरेइतकाच माल वळवावा अशी मर्यादा घातली. त्याच साली जुलैत सरकारी गोदामांतला तांदूळ डिस्टिलऱ्यांना देणे थांबवले होते. डिस्टिलऱ्या मग मक्याकडे वळल्या, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव आला, आणि २०२४ मध्ये मका विकणारा आपला देश मका विकत आणू लागला. कोंबडीपालन करणारा लहान माणूस खाद्याच्या भावाने मेटाकुटीस आला. पुढे बंदी उठली, तांदूळही पुन्हा सुटला. दोन वर्षांत इतक्या उलाढाली! याचा अर्थ इतकाच की क्रम कोणी आधी ठरवला नव्हता. आणि हे आपल्यापुरते नाही. २००७ च्या जानेवारीत मेक्सिकोत हजारो लोक मक्याच्या भाकरीच्या भावासाठी रस्त्यावर आले, तेव्हा शेजारच्या अमेरिकेत मका डिस्टिलऱ्यांकडे चालला होता. भाववाढीची इतरही कारणे होती. पण हे एक होते.

पडीक आणि टाकाऊ

मग कोणी म्हणेल, अन्नाला हातच लावू नका. पडीक जमीन आणि टाकाऊ माल वापरा. हे बोलणे बरोबर दिशेचे आहे. पण ‘पडीक’ आणि ‘टाकाऊ’ या दोन शब्दांपाशी आम्ही थांबतो. कारण हे शब्द ज्याची वस्तू नाही त्याने केलेले असतात.

२००३ च्या सुमारास नियोजन आयोगाने मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा केला. माळरानावर लावा, पाणी नको, बियांतून डीझेल मिळेल. पाण्याविना झाड जगले, पण बी पुरेसे धरले नाही, आणि योजना विरून गेली. आणि माळ तरी पडीक कुठे होता? तो धनगराच्या मेंढ्यांचा होता.

पानिपतला इंडियन ऑइलने भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा कारखाना उभारला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. पंजाब-हरियाणात शेतकरी पेंढा शेतातच जाळतो आणि दिल्ली गुदमरते. तेथे ही कल्पना योग्यच. पण उद्या कोणी तीच यंत्रे सोलापुरात आणून कडबा मागू लागला तर? दुष्काळी वर्षी आपल्याकडे कडब्याच्या पेंढीला दाण्याइतकी किंमत येते. पंजाबात जो कचरा, तो आमच्याकडे बैलाचे जेवण.

उसाचेच घ्या. शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्यांना बाहेरचा माणूस टाकाऊ समजतो. ऊसतोडणी करणाऱ्या जोडप्याच्या बैलांचा तो चारा, आणि उरलेली वाढी विकून येणारे चार पैसे हा त्यांच्या हंगामातला रोख आधार. तोडणीचा दर ठरवताना हा हक्क कागदावर कुठेच नसतो, म्हणून तो काढून घेणेही सोपे असते. पाचटाचे तसेच. ते जाळणे वाईट, पण सगळे उचलून नेणेही वाईट, कारण जमिनीलाही खायला लागते. खळ्याच्या क्रमात मातीचे नाव राहून गेले होते, ते आता घातले पाहिजे.

मार्ग आहेत, आणि ते आपल्याच भागात शोधले गेले आहेत. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या संशोधन संस्थेत गोड ज्वारीवर काम झाले. कणसाला दाणा, ताटाला उसासारखा गोड रस, आणि रस काढलेले ताट जनावराला. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रसाचा मद्यार्क सूर्याच्या उष्णतेवर गाळून दाखवला, आणि तो मोटारीऐवजी गरिबाच्या शेगडीत व कंदिलात जाळावा असा विचार मांडला. एकाच पिकातून भाकरी, वैरण आणि इंधन! पण रस ताटे कापताच आंबू लागतो, हंगाम काही आठवड्यांचा, मद्यार्काचे अबकारी नियम कडक, आणि समोर स्वस्त मळी. म्हणून ती वाट मोठी झाली नाही. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून चुलीचा कोळसा केला. त्या कामाला २००२ साली विलायतेचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आज साखर कारखान्यांतल्या गाळणीच्या मळीपासून, म्हणजे प्रेसमडपासून, वायू काढून त्यावर वाहने चालवण्याचे प्रकल्प निघत आहेत. २०१८ पासून सरकारची त्यासाठी योजना आहे. वायू निघाल्यावर उरलेला गाळ खत म्हणून रानात परत जातो. ही खरी धसकटे.

हक्कांची क्रमवारी

सोलापूरच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या अनुभवातून आम्ही चार मागण्या काढतो. मागण्याच म्हणतो, कारण उपदेश ऐकायला कोणाला वेळ नसतो.

पहिली, कोणत्याही पिकाच्या अवशेषाला ‘टाकाऊ’ म्हणण्याआधी त्याचा आजवरचा धनी कोण, हे त्या गावात जाऊन विचारावे. कडबा, वाढी, माळ, पाचट यांचे धनी मुके आहेत किंवा फिरते आहेत; पण ते आहेत.

दुसरी, इंधनाचा भाव ठरवताना लिटरात पाण्याचा हिशेब धरावा. मळी, प्रेसमड आणि पऱ्हाट्या यांच्या इंधनाला चढा भाव द्यावा, रसाला आणि धान्याला उतरता. आजवर बहुधा याच्या उलट झाले. २०२३ नंतर मळीच्या इथेनॉलचा भाव वाढवून तो ५६ रुपये २८ पैशांवर आणि २०२५ च्या जानेवारीत ५७ रुपये ९७ पैशांवर नेला, ही चांगली सुरुवात आहे. ती तेवढ्यावर थांबू नये.

तिसरी, दुष्काळात काय करायचे ते सुकाळात लिहून ठेवावे. धरणात अमुक पाणी, गोदामात अमुक धान्य असेल तरच रस आणि दाणा डिस्टिलरीत जाईल, असा नियम आधी जाहीर करावा. हंगाम सुरू झाल्यावर एका रात्रीत बंदी घातली की कारखानदार कोर्टात जातो आणि हंगामी कामगार घरी जातो.

चौथी मागणी आमच्या धंद्यातली. इथेनॉल, वीज आणि वायू यांनी कारखान्याचे उत्पन्न वाढले. डिस्टिलरीच्या टाकीत उतरून गाळ काढणाऱ्या कंत्राटी माणसाचे आणि थंडीत पहाटे फडात उतरणाऱ्या बाईचे किती वाढले, हे ताळेबंदात वेगळ्या ओळीत दाखवावे. १८७७ साली एक पौंड धान्यावर खडी फोडायला नकार देणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता, की कामाचा आकार तुम्ही ठरवता, मग पोटाचा आकारही तुम्हीच का ठरवता?

कोणी म्हणेल, हे सगळे प्रगतीच्या आड येणारे बोलणे आहे. तसे मुळीच नाही. तेल परदेशातून आणण्यापेक्षा इंधन आपल्या रानात व्हावे, कारखान्याची चिमणी आपल्या चिपाडावर पेटावी, एसटीची गाडी प्रेसमडच्या वायूवर पंढरपुरास जावी, याचा आम्हांस आनंदच आहे. त्यात आमच्या माणसांचा रोजगार आहे. खळ्यावर इंधनाचाही वाटा होताच. तो शेवटचा होता, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही आणि पिढ्यानुपिढ्या टिकला. आजच्या इंधनालाही टिकायचे असेल तर त्याने रांगेत आपल्या जागी उभे राहावे. पुढे भाकरी आहे, वैरण आहे, माती आहे आणि पिण्याचे पाणी आहे. त्यांचे झाले की त्याचा नंबर येईल. आणि ही रांग नीट चालते की नाही, यावर लक्ष ठेवण्याचे काम सरकारवर किंवा कारखानदारावर सोपवून भागणार नाही. ते नळाला पाणी कधी येते याची वाट पाहणाऱ्या आपणा सर्व नागरिकांचे आहे.